पायाखालची वीज, टाचेतली कळ

सर्किट बोर्ड जुळवणाऱ्या कारखान्यात पाळीची सुरुवात हजेरीने होते, आणि हजेरीपाठोपाठ पायांची परीक्षा. विभागाच्या दाराशी जमिनीवर पिवळा पट्टा, त्याला लागून पोलादी पत्रा, पत्र्यासमोर खांबावर बसवलेली एक डबी. कामगाराने पत्र्यावर उभं राहायचं आणि डबीवरच्या धातूच्या बटणावर बोट ठेवायचं. हिरवा दिवा लागला तर आत. लाल लागला तर बाजूला होऊन मोजे-बूट बघायचे, टाचेला बांधायचा वीजवाहक पट्टा नीट बसवायचा आणि पुन्हा पत्र्यावर यायचं. काही ठिकाणी ही डबी फिरत्या दाराला जोडलेली असते. हिरवा दिवा लागल्याशिवाय दार फिरतच नाही. अंगावर साठणारी वीज बुटातून जमिनीत उतरते आहे की नाही, एवढंच तिला तपासायचं असतं.

त्याच पायांची दुसरीही एक तक्रार असते. ती तपासणारं यंत्र मात्र दाराशी नसतं. आठ तास, ओव्हरटाइम धरून कधी बारा तास पक्क्या जमिनीवर उभं राहिल्यावर टाच ठणकू लागते, पोटऱ्या भरून येतात. मग कुणीतरी घराजवळच्या दुकानातून जेलचा नाहीतर फोमचा मऊ सुखतळा आणतं आणि कामाच्या बुटात सरकवतं. पायाला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दाराशी लाल दिवा लागतो, कारण टाचेला आराम देणाऱ्या त्याच थराने विजेची वाट अडवलेली असते.

पावलाला आधार देणारा आणि तरीही वीज जमिनीकडे जाऊ देणारा सुखतळा आता मिळतो. कारखान्यांच्या भाषेत त्याला ‘ईएसडी इनसोल’ म्हणतात. वस्तू जेमतेम काही मिलिमीटर जाडीची, पण ती नीट निवडायची तर विजेचा हिशेब, पावलाची रचना आणि कामगार कायदा या तिन्हींशी ओळख असावी लागते.

चार आकडी व्होल्ट, चार पावलांत

थंडीत लोकरी स्वेटर डोक्यावरून काढताना होणारी तडतड, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावताच बसणारा चटका हे अनुभव सगळ्यांचेच. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून अलग झाले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. चालताना बुटाचा तळ आणि जमीन दर पावलाला हेच करत असतात. बूट रबराचा किंवा प्लास्टिकचा असेल तर जमलेला प्रभार खाली उतरत नाही, अंगावरच राहतो.

या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरला जाणारा एक तक्ता आहे. हवेतली आर्द्रता १० ते २० टक्के असेल तर गालिच्यावरून चालणाऱ्याच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो, विनाइलच्या फरशीवर १२,००० पर्यंत. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर हेच आकडे १,५०० आणि २५० वर येतात. दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. म्हणूनच पावसाळ्यात निर्धास्त असलेले पुण्याकडचे कारखाने थंडीपासून पुढे सावध होतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी तिथली हवा कोरडी ठणठणीत असते. वातानुकूलनाने ती आणखी कोरडी होऊ नये म्हणून अशा विभागांत आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखायचा प्रयत्न असतो.

एवढे व्होल्ट असूनही माणूस मरत नाही, कारण साठलेला प्रभार अगदी थोडा असतो. विद्युत अभियंते माणसाला १०० पिकोफॅरडचा धारक आणि १,५०० ओहमचा रोधक मानून हिशेब करतात. चाचणीच्या प्रयोगशाळेत माणसाऐवजी हीच जोडी वापरली जाते. माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. सर्किट बोर्डावरचे काही नाजूक घटक मात्र शंभर व्होल्टच्या आतबाहेरच खराब होऊ शकतात. म्हणजे कामगाराला काहीही जाणवलेलं नसतं आणि त्याच्या बोटातून निघालेल्या ठिणगीने चिपच्या आतला पातळ थर भोकसलेला असतो. असा घटक लगेच मेला तर चाचणीत सापडतो. अर्धवट जखमी झालेला घटक चाचणीत पास होतो, गिऱ्हाइकाच्या घरी जातो आणि काही महिन्यांनी बंद पडतो. याला सुप्त दोष म्हणतात, आणि कारखान्यांना खरी भीती याचीच असते.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं तेच इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. दागिन्यांचे कारखाने तिथे नंतर आले. रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचा समूह उभारायला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. बोर्डांचं काम वाढेल तशी त्या पोलादी पत्र्यावर रोज उभी राहणारी पावलंही वाढणार आहेत.

कमी नको, जास्तही नको

प्रभार जमिनीत सोडायचा तर बुटातून सरळ तांब्याची तार का काढू नये? कारण त्याच कामगाराच्या हाताशी २३० व्होल्टचं यंत्रही असतं. यंत्रात बिघाड होऊन बोट जिवंत तारेला लागलं, तर रोध नसलेल्या बुटातून जीवघेणा प्रवाह वाहील. म्हणून बुटाच्या रोधाला खालची आणि वरची अशी दोन्ही टोकं आखून दिलेली असतात.

सुरक्षा-बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘अँटिस्टॅटिक’ बुटाचा रोध एक लाख ओहम ते शंभर कोटी ओहम यांच्या दरम्यान असावा लागतो. आपल्याकडचं आयएस १५२९८ हे मानक त्याच घराण्यातलं. एक लाख ओहमचा बूट घातलेल्याच्या अंगातून २३० व्होल्टला ढोबळ हिशेबाने २.३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. तो झोंबेल, पण हात सोडवता येईल. दुसऱ्या टोकाला, शंभर कोटी ओहममधूनही १०० पिकोफॅरडचा प्रभार सेकंदाच्या दहाव्या भागात बराचसा ओसरतो. पुढचं पाऊल पडेपर्यंत मागच्या पावलाची बाकी चुकती होते. इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांच्या मानकात आणखी एक अट आहे: माणूस, बूट आणि फरशी यांची एकत्र परीक्षा घ्यायची, आणि चालताना अंगावरचा दाब १०० व्होल्टच्या खालीच राहिला पाहिजे. नुसता बूट पास होऊन भागत नाही. फरशीवर चुकीचं पॉलिश मारलं किंवा बुटाच्या तळाला मेणकट घाण बसली, तरी वाट बंद होते.

दारूगोळ्याच्या कामाचं गणित निराळं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा; भंडारा, वरणगाव, देहूरोड ही नावंही महाराष्ट्राला परिचित आहेत. स्फोटकं हाताळताना प्रभार क्षणभरही साठू द्यायचा नसतो. त्यासाठी मानकात एक लाख ओहमपेक्षाही कमी रोधाचे ‘कंडक्टिव्ह’ बूट सांगितले आहेत, आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका असेल तिथे ते घालू नयेत असंही बजावलं आहे. जिवंत तारांवर काम करणाऱ्या वायरमनला याच्या नेमके उलट, वीज रोखणारे बूट लागतात. तीन कामांचे तीन बूट बाहेरून सारखेच काळे दिसतात, आणि अदलाबदल झाली तर जीव जाऊ शकतो.

ठिणगीची ताकदही मोजता येते. दहा हजार व्होल्टवर असलेल्या माणसाच्या अंगात सुमारे ५ मिलिज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, म्हणजे साठा गरजेच्या वीसपट. गाड्यांचे रंगकाम विभाग, औषधांची बारीक भुकटी हाताळणारे विभाग, द्रावकांची गोदामं इथे अँटिस्टॅटिक बुटांचा आग्रह धरतात तो यासाठीच. एकेकाळी शस्त्रक्रियागृहंही या यादीत होती. ईथर आणि सायक्लोप्रोपेन हे भूल देणारे वायू पेट घेणारे, त्यांच्या जोडीला प्राणवायू. म्हणून शल्यविशारद आणि परिचारिका वीजवाहक तळाचे बूट घालत आणि फरशीही तशीच असे. १९५६ मध्ये हॅलोथेन हा न पेटणारा भूलवायू वापरात आला आणि पुढे ही खबरदारी हळूहळू मागे पडली. परिचारिकांचं तासन्‌तास उभं राहणं मात्र मागे पडलं नाही.

उभं राहण्याचं बिल

पंढरीचा विठोबा युगानुयुगं विटेवर उभा आहे. तो देव आहे, त्याला निभतं. माणसाच्या पायातलं रक्त हृदयाकडे परत जायचं तर पोटरीच्या स्नायूंनी आकुंचन पावून ते वर ढकलावं लागतं. चालताना हा पंप चालतो. एका जागी उभं राहिलं की तो थांबतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो आणि चालू लागताच तिसाच्या आसपास उतरतो. म्हणून चार कोस चालणाऱ्यापेक्षा चार तास एका जागी उभं राहणारा जास्त थकतो.

डेन्मार्कमध्ये नोकरदारांचा बारा वर्षं मागोवा घेण्यात आला. कामाचा तीन चतुर्थांशांहून अधिक वेळ उभं राहणाऱ्यांना फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ इतरांच्या सुमारे पावणेदोनपट आली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत सुमारे ७,३०० कामगारांची अशीच बारा वर्षांची पाहणी झाली. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. अशा पाहण्यांत राहणीमान, आहार, काळजी यांचा गुंता पूर्ण सुटत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे.

पावलाचं दुखणं आणखी वेगळं. एका पावलात २६ हाडं असतात आणि टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा गेलेला असतो. पावलाची कमान तोलून धरण्याचं काम त्याचं. तासन्‌तास वजन पडून हा पट्टा टाचेपाशी दुखावला की सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते. चार पावलं चालल्यावर ती कमी होते आणि संध्याकाळी परत येते. ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं म्हणून अनेकजण एक्स-रे काढून घेतात. प्रत्यक्षात हाडाचा तो कोंब अजिबात न दुखणाऱ्या टाचांतही दिसतो.

अशा पायांसाठी सुखतळे विकण्याचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. शिकागोतल्या जोड्यांच्या दुकानात काम केलेल्या विल्यम शोल यांनी १९०४ मध्ये कमानीला आधार देणारी वस्तू बाजारात आणली, आणि त्यांचं आडनाव आजही औषधांच्या दुकानात सुखतळ्यांच्या पाकिटांवर दिसतं. मात्र जाहिराती सांगतात तेवढं सगळं सुखतळा करत नाही. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर केलेली एक नावाजलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना नावापुरता पातळ फोम दिला, काहींना तयार घट्ट सुखतळा, काहींना पायाचा साचा घेऊन बनवलेला महागडा. तीन महिन्यांनी दोन्ही खऱ्या सुखतळ्यांनी हालचालीत थोडी सुधारणा दाखवली. वर्षाअखेरीस तिन्ही गटांत फरक उरला नाही. कंबरदुखी टाळण्यासाठी सुखतळ्यांचा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष उपलब्ध चाचण्यांच्या एका मोठ्या आढाव्याने २००७ मध्ये काढला.

या निष्कर्षांतून कारखान्यांना घेण्यासारखं बरंच आहे. पहिले काही महिने सुखतळ्याने टाचेला खरा आराम मिळतो. त्यासाठी साचा घेऊन बनवलेलाच हवा असं नाही. टाचेला खोलगट वाटी, कमानीखाली घट्ट आधार आणि बोटांपाशी पातळ असा तयार सुखतळा दोन-तीन उंचींमध्ये ठेवला तरी बहुतेकांचं काम भागतं. अतिमऊ जेल मात्र हाताने दाबून बघताना जितकं सुखद वाटतं तितका आधार देत नाही. वजनाखाली ते चेपून जातं.

मधुमेहींचा प्रश्न यापुढचा आहे. तळव्याची संवेदना गेलेल्या कामगाराला बुटातला खडासुद्धा टोचत नाही आणि त्याची जखम होते. डॉक्टर त्याला मऊ एमसीआर रबराचा आधार वापरायला सांगतात. तो रास्तच असतो, पण विजेसाठी भिंत ठरू शकतो. अशा कामगाराला ‘बूट घाला नाहीतर घरी जा’ म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याच्यासाठी तपासून घेतलेला जोडच हवा.

काळा धागा

फोम, जेल, ईव्हीए, पॉलियुरेथेन हे सुखतळ्यांचे नेहमीचे पदार्थ उत्तम विद्युतरोधक आहेत. त्यांतून वीज न्यायची तर कार्बनची काजळी मिसळावी लागते. थोडी मिसळली तर तिचे कण सुटेसुटे राहतात आणि काही घडत नाही. एका ठरावीक प्रमाणानंतर मात्र कण एकमेकांना टेकून साखळ्या बनतात आणि रोध एकदम कोसळतो. काजळी फार झाली तर फोम कडक आणि ठिसूळ होतो. आधार देता देता पाय सोलून काढेल असा. काही उत्पादक म्हणून दुसरा मार्ग घेतात. फोम मऊच ठेवायचा आणि वरच्या कापडापासून खालच्या तळापर्यंत कार्बनचा किंवा धातूचा अंश असलेला धागा आरपार शिवायचा. ईएसडी सुखतळ्यावर काळे ठिपके किंवा काळी शिवण दिसते ती याची.

वीज त्वचेपासून निघते, मोज्यातून सुखतळ्यात, सुखतळ्यातून बुटाच्या आतल्या पट्टीत, तिथून तळात आणि तळातून फरशीत उतरते. यातला एक थर जरी अडला तरी सगळं थांबतं. मोजा सुती असला तरी तो वीज नेतो ते घामाच्या ओलाव्यावर. म्हणूनच थंडीत सकाळच्या पाळीला कोरड्या पायांनी आलेले कामगार पत्र्यावर नापास होतात आणि दहा मिनिटं चालून आले की पास होतात. पाहुण्यांना देतात त्या टाचेच्या पट्ट्याचंही तेच: फीत मोज्याच्या आत, कातडीला टेकलीच पाहिजे, आणि पट्टा दोन्ही पायांना हवा. एकच असेल तर तो पाय उचलला की माणूस जमिनीपासून तुटतो.

सुरक्षा-बुटांच्या मानकाच्या मजकुरात याबद्दल एक स्पष्ट सूचना आहे. साध्या मोज्याखेरीज कोणताही विद्युतरोधक थर पाय आणि बूट यांच्या मध्ये येऊ नये. काही घातलंच तर बूट आणि तो थर यांची जोडी एकत्र तपासावी. जर्मनीत हा नियम फार काटेकोरपणे पाळतात. डॉक्टरांनी लिहून दिलेला सुखतळासुद्धा तिथे सुरक्षा-बुटात परस्पर घालता येत नाही; त्या विशिष्ट बुटासह त्या सुखतळ्याची प्रकार-चाचणी झालेली असावी लागते. तिथले उत्पादक म्हणूनच आपल्या सुखतळ्यासोबत, तो कोणकोणत्या बुटांत चालतो याची यादी देतात.

यामागे विजेइतकंच पोलादी टोपीचंही कारण आहे. सुरक्षा-बुटाच्या पुढच्या टोपीची परीक्षा २०० ज्यूलच्या आघाताने घेतात, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पाडण्याइतक्या. त्या माराने टोपी थोडी खाली बसते आणि तरीही बोटांना जागा उरली पाहिजे, असा हिशेब असतो. मूळ सुखतळ्यावर आणखी एक जाड थर टाकला की बोटं तेवढी वर येतात आणि ती राखीव जागा संपते. विजेचा धोका निदान दाराशी लाल दिवा लागून कळतो. बोटांवरचं हे संकट वजन पडल्यावरच कळतं.

मनगटाची दोरी आणि न दिलेलं स्टूल

मग कामगाराला बसूच का देत नाहीत? यातही वीज आडवी येते. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीवरून सारखे उचलले जातात, म्हणून नाजूक घटक बसून हाताळणाऱ्याला मनगटपट्टा सक्तीचा आहे. दहा लाख ओहमचा रोधक बसवलेली त्याची दोरी टेबलाशी बांधलेली असते. खुर्चीही वीजवाहक कापडाची आणि तशाच चाकांची लागते. उभ्या कामगाराला बूट आणि फरशी पुरते, दोरी नाही. तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मोकळा फिरतो. वीज उतरवणारा बूट व्यवस्थापनाला एवढा सोयीचा ठरला, की उभं राहणं हीच कामाची रीत होऊन बसली.

कायदा मात्र याबाबत जुना आणि नि:संदिग्ध आहे. १८९९ मध्येच इंग्लंडने दुकानातल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी बसायची सोय करण्याचा कायदा केला. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम ४४ सांगत असे की उभ्याने काम करावं लागणाऱ्या सर्व कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था असलीच पाहिजे, म्हणजे कामात उसंत मिळेल तेव्हा त्यांना विसावता येईल. एखादं काम बसूनही नीट होण्यासारखं असेल, तर तशा आसनांचा लेखी आदेश देण्याचा अधिकारही मुख्य निरीक्षकाला दिलेला होता. २०२५ मध्ये कारखाने कायद्याची जागा घेतलेल्या २०२०च्या संहितेतही उभ्या कामगारांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे.

कायद्यात सोय असणं वेगळं आणि खुर्ची मिळणं वेगळं, हे केरळने दाखवलं. कोळिकोडच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या स्त्रियांना पी. विजी यांनी ‘पेणकूट्ट’ या संघटनेतून एकत्र आणलं. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर २०१८ मध्ये केरळने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क लिहिला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केलं. या दोन्ही दुरुस्त्या दुकानांपुरत्या आहेत, पण गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, या रिवाजाला त्यांनी पहिल्यांदा बेकायदा ठरवलं.

सुखतळा आणि स्टूल यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. शिरांमधला चढलेला दाब कोणताही सुखतळा उतरवू शकत नाही; त्यासाठी चालणं, बसणं, पाळीत जागा बदलणं हेच उपाय. आणि बसण्याची सोय झाली तरी उरलेले पाच-सहा तास पाय पक्क्या जमिनीवरच असतात. तिथे चांगला आधार आणि वीज उतरण्याची मोकळी वाट, दोन्ही लागतात. खर्च कुणी करायचा, याबद्दल तर वादच नको. सुखतळा सुरक्षा-बुटाचाच भाग असेल, तर तो बुटाबरोबर मालकानेच द्यायला हवा. दुखऱ्या टाचेच्या कामगाराने स्वतःच्या पैशाने आणलेला, कुणीही न तपासलेला थर त्याच्याही हिताचा नाही आणि कंपनीच्याही.

 उभ्याने काम करणाऱ्या वाचकांनी कामाच्या बुटात काहीही नवं घालण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवावं आणि ते घालून पत्र्यावर उभं राहून बघावं. कारखान्याच्या सुरक्षा समितीवर असलेल्यांनी येत्या बैठकीत दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात: बुटांच्या पुढच्या खरेदीत त्याच बुटासह तपासलेले, दोन-तीन उंचींचे ईएसडी सुखतळे धरावेत, आणि उभ्याने चालणाऱ्या प्रत्येक लाइनवर उसंत मिळताच टेकता येईल असं स्टूल ठेवावं.